राखील त्याचे घर

— तृतीय वर्ष कला शाखेची एक विद्यार्थिनी

कॉलेजात पहिल्या वर्षी ओळखीचा तास झाला होता. प्रत्येकाने उभे राहून नाव सांगायचे आणि गाव सांगायचे. मुंबईत जन्मलेल्या, मुंबईच्याच पाण्यावर वाढलेल्या आम्हां मुलांपैकी जवळजवळ प्रत्येकाने कुठल्या ना कुठल्या खेड्याचे नाव घेतले. माझी पाळी आली तेव्हा मीही मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "आचरा, तालुका मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग. तिथे आमचे घर आहे."

त्या दिवशी हे वाक्य मला अगदी साधे वाटले होते. गेल्या मे महिन्यात त्या घरी चार दिवस राहून आल्यापासून मात्र त्यातल्या 'आमचे' या शब्दापाशी मी अडखळू लागले आहे. घर कोणाचे? ज्याच्या नावावर घरपट्टी फाटते त्याचे, की जो त्यात रोज संध्याकाळी दिवा लावतो त्याचे? प्रश्न पुस्तकी वाटेल. पण आमच्या घरात या प्रश्नावरून दोन सख्ख्या भावांत बोलाचाली झाली, म्हणून तो लिहून काढावासा वाटला. आपल्या कॉलेजातही गावी घर असलेली आणि त्या घराला कुलूप असलेली मुले पुष्कळ आहेत. त्यांना यात आपले काही सापडेल.

आमचे घर म्हणजे फार मोठा वाडा नव्हे. जांभ्याच्या चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौले, पुढे खळे, पडवी, मधे माजघर, मागे स्वयंपाकघर आणि परसात विहीर. आजोबा मुंबईला नोकरीसाठी आले आणि पुढे सारे बिऱ्हाडच मुंबईला आले. आजी होती तोवर ती गणपतीपासून दिवाळीपर्यंत आचऱ्याला राहायची. तिचे गुडघे गेले तेव्हा घर भाड्याने देण्याचे ठरले. एक खोली तेवढी आम्ही आमच्यासाठी कुलपात ठेवली. बाकीच्या घरात गेली सहा-सात वर्षे एक प्राथमिक शिक्षक बायकोमुलांसह राहतात. ते सांगोल्याकडचे. जिल्हा परिषदेच्या नोकरीने कोकणात आले. गाव त्यांना गुरुजी म्हणतो, म्हणून आम्हीही गुरुजीच म्हणतो.

दर वर्षी मे महिन्यात आम्ही तीन-चार दिवसांसाठी जातो. बाबांच्या शब्दांत या जाण्याला 'घराचे बघायला जाणे' म्हणतात, आईच्या शब्दांत 'जरा हवापालट', आणि काकांच्या शब्दांत 'खर्चाची सहल'. तिघांचेही खरे आहे. रात्री गाडीत बसायचे, सकाळी कणकवलीला उतरायचे आणि तिथून एस. टी. ने तासाभराहून थोडे अधिक. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली. त्याआधी हाच प्रवास म्हणजे रात्रभराची एस. टी. आणि दोन दिवसांची अंगदुखी, असे आई सांगते. आता प्रवास सोपा झाला. पण येणे वाढले असे मात्र नाही.

यंदा पोचल्यावर गुरुजींच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकूंनी, खळ्यातच पाय धुवायला पाणी दिले. मग बाबांनी खिशातून किल्ली काढली आणि आमच्या खोलीचे कुलूप उघडले. दार उघडताच कुबट वास आला. भिंतीवर ओलीचे नकाशे उमटले होते. आजीच्या लाकडी पेटीच्या एका बाजूला वाळवीने मातीचा रस्ता बांधला होता आणि तो वर वाशापर्यंत गेला होता. बाबांनी बोटाने वासा दाबला तर बोट आत गेले.

चार पावलांवर, त्याच छपराखाली, गुरुजींच्या बाजूचे वासे खणखणीत होते. तिथे रोज चूल पेटते, धूर वर जातो, खिडक्या उघडतात, केरसुणी फिरते. एकाच घराच्या एका भागात माणसे होती आणि दुसऱ्या भागात आमचे कुलूप होते. शेजारचे आबा आमचा आवाज ऐकून आले होते. त्यांनी आत डोकावून एवढेच म्हटले, "बंद खोलयेत वाळवी ऱ्हवता. पण वाळवी भाडा देणा नाय."

आम्ही हसलो. बाबा हसले नाहीत.

पुढले दोन दिवस कामाचे होते. शहरातल्या वाचकांसाठी सांगते, कौले चाळणे म्हणजे छपरावर चढून एकेक कौल उतरवायचे, त्यावरचे शेवाळ घासून काढायचे, फुटके बाजूला टाकायचे, खालची रीप तपासायची आणि पुन्हा ओळीने बसवायचे. हे सारे पावसाच्या तोंडावर, मे महिन्यातच करावे लागते. या भागात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. कौल चार बोटे सरकले तरी पाण्याची धार नेमकी वाशावर पडते. वासा कुजला की रीप बसते. रीप बसली की शेजारचे कौल सरकते. घर एका दिवसात पडत नाही. ते एका कौलापासून पडायला सुरुवात करते. आणि कौल सरकायला वादळच लागते असे नाही, माकडांची एक टोळी छपरावरून नाचत गेली तरी पुरते. म्हणून वर्षातून एकदा चाळणे पुरत नाही. कोणीतरी रोज वर नजर टाकणारा लागतो.

ही कौलेसुद्धा काही अनादी काळापासून कोकणात नाहीत. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने ती पसरली. आमच्या घरावर आधी हाताने थापलेले नळे होते. आजोबांनी मुंबईच्या पगारातून मंगलोरी कौले घातली. त्या वेळी गावात म्हणे कौतुक झाले होते. मुंबईच्या पैशाने छप्पर बदलते. ते टिकते मात्र गावच्या माणसांच्या हाताने.

दोन गडी छपरावर, गुरुजी शिडीवर आणि खाली कौले घासायला आम्ही सगळे. मी पहिल्या तासातच हाताला फोड आणला. गुरुजींची धाकटी, चौथीतली मुलगी, माझ्या शेजारी बसून माझ्या दुप्पट वेगाने कौले घासत होती. मधेच म्हणाली, "ताई, तू कौल उताणा धरतेस. तसा नाय धरायचा, निसटतो." मी बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला आहे, हे तिला सांगण्यात अर्थ नव्हता.

आता विश्रांतीविषयी. आचऱ्यात पाहण्यासारखे काय आहे, असे मला मैत्रिणी विचारतात. बारा वाड्यांचा गाव आहे, रामेश्वराचे देऊळ आहे, लांबच लांब समुद्रकिनारा आहे, खाडी आहे. पण तिथली खरी करमणूक म्हणजे काही विशेष न करणे. दुपारी काम थांबवून पडवीत आडवे व्हायचे. काकूंच्या चुलीवरचा बांगडा आणि आईची सोलकढी. (काकू लग्न होऊन कोकणात आल्या तेव्हा त्यांना माशाचा वास सहन होत नसे. आता ताजा बांगडा कसा ओळखावा हे त्या आईला शिकवतात.) संध्याकाळी तिठ्यावर जाऊन चहा घ्यायचा, रामेश्वर वाचन मंदिरात बाबांनी वर्तमानपत्र उलगडायचे, मग उन्हे कलली की किनाऱ्यावर जायचे. रापणीचे जाळे ओढणारी माणसे दिसली तर थांबायचे. नाही दिसली तर नुसतेच चालायचे. दिवसभर छपराखाली घाम गाळलेला असला म्हणजे त्या वाऱ्याची किंमत कळते. हॉटेलात उतरून तोच वारा घेतला असता तर तो मला एवढा लागला असता असे वाटत नाही.

अशाच एका संध्याकाळी किनाऱ्याकडे जाताना गुरुजींची धाकटी माझे बोट धरून पुढे चालली होती. कुठून वाळूत उतरायचे, कुठे काटे आहेत, कुठले कुत्रे चावते, हे सगळे तिला ठाऊक. वाटेतल्या दुकानात ती चिक्की घ्यायला थांबली. दुकानातल्या आजींनी माझ्याकडे बघून तिला विचारले, "ह्या चेडू खयचा गो?"

ती झटकन म्हणाली, "ही आमची पावणी. मुंबैसून इली हा."

त्यात तिचे काहीच चुकले नव्हते. माझ्याच गावात मी मालवणी कळणारी पण बोलता न येणारी पाहुणी होते, आणि सांगोल्याच्या आईबापांची ती मुलगी गावची होती. परत येताना मी तिच्या मागून चालले.

वादाला तोंड फुटले ते दुसऱ्या रात्री. काका आमच्याबरोबर यंदा मुद्दाम आले होते, आणि ते हिशेबाचा कागद घेऊनच आले होते. काका वाईट माणूस नाहीत. त्यांचे म्हणणे जसेच्या तसे सांगते. गुरुजींचे भाडे महिना तीन हजार, म्हणजे वर्षाचे छत्तीस हजार. यंदाचा खर्च — कौले, रिपा, दोन वासे, मजुरी, विहिरीचा गाळ उपसणे — एकतीस हजार. त्यात घरपट्टी आणि आम्हां सर्वांचे जाणेयेणे मिळवले तर खिशातूनच पैसे जातात. उलट, गुरुजींना जागा सोडायला सांगून दोन खोल्या पर्यटकांसाठी नीट केल्या, तर एका खोलीचे रात्रीचे दोन हजार सहज येतील. वर्षात चाळीसच रात्री खोल्या भरल्या असे धरले तरी एक लाख साठ हजार होतात. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, तारकर्ली-मालवण गर्दीने फुलले, ९ ऑक्टोबर २०२१ पासून चिपीला विमानतळ आला, आणि आपण अजून तीन हजारांत बसलो आहोत! "घर आपले आहे," काका शेवटी म्हणाले, "धर्मशाळा नव्हे."

हा हिशेब खोटा नाही. गावात ज्यांनी स्वतः राहून पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या आहेत, त्यांच्या कष्टाविषयी मला आदरच आहे. त्यातून गावातल्या मुलांना गावातच काम मिळते. पण आमची गोष्ट निराळी आहे. आम्ही तिथे राहत नाही. चादरी कोण धुणार, पंप कोण चालू करणार, रात्री दहाला आलेल्या पाहुण्याला दार कोण उघडणार? त्यासाठी पगारी माणूस ठेवावा लागेल. खोल्यांना जोडून न्हाणीघरे बांधावी लागतील. आणि मुख्य म्हणजे, पर्यटक येतो तो दिवाळीत, नाताळात आणि मे महिन्यात. जून ते सप्टेंबर तो येत नाही. घराला माणसाची सर्वांत जास्त गरज असते ती नेमकी त्या चार महिन्यांत. काकांच्या कागदावर त्या चार महिन्यांचा रकानाच नव्हता.

त्या रकान्यात काय लिहायचे असते ते आम्हांला एकदा कळून चुकले आहे. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गेले. त्या वेळी करोनाचे निर्बंध होते; आम्ही मुंबईत घरात बसलेलो. दुपारनंतर गुरुजींचा फोन लागेना. आचऱ्याकडची वीज गेली होती, टॉवर बंद होते. तीन दिवस आम्हांला घर उभे आहे की पडले आहे, हेसुद्धा ठाऊक नव्हते. चौथ्या दिवशी फोन आला. छपराचे कोने उडाले होते, वीस-पंचवीस कौले गेली होती, परसातला माड आडवा झाला होता, पण घराच्या उलट बाजूला. त्या रात्री वाऱ्यातच गुरुजी आणि आबा यांनी ताडपत्री दोरखंडाने वाशांना बांधली होती. आबांचे वय तेव्हा साठीच्या पुढे. गुरुजींना पोहताही येत नाही, वादळ तर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिले.

पुढच्या महिन्याच्या भाड्यातून त्यांनी दोन हजार रुपये कापून घेतले आणि सोबत हिशेबाची चिठ्ठी पाठवली : ताडपत्री, दोरी, कौले, मजुरी. स्वतःच्या रात्रीचे पैसे त्यांनी लावले नव्हते. तरीही आमच्या घरात तेव्हा एक वाक्य उच्चारले गेले होते : "परस्पर कसे कापले? विचारायला नको?"

मी पुढे कुतूहलाने कायदा वाचून पाहिला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, जो ३१ मार्च २००० पासून अमलात आला, त्याचे चौदावे कलम सांगते की जागा राहण्याजोगी सुस्थितीत ठेवणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे. मालकाने ते टाळले तर भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी आणि मग स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करावा. मात्र तो वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शाहून अधिक नसावा. हा कायदा त्याच्या परिशिष्टांत दिलेल्या भागांपुरता आहे. खेड्यातली घरे बहुधा शब्दावरच चालतात. पण त्यातला विचार लक्षात घेण्याजोगा आहे. दुरुस्ती हे मालकाने भाडेकरूवर केलेले उपकार नव्हेत, ते भाडे घेण्याबद्दलचे त्याचे देणे आहे. आणि वादळ काही पंधरा दिवसांची नोटीस देऊन येत नाही.

मग घरे बंद का राहतात? केवळ आळसाने नव्हे. त्यामागे एक जुनी भीती आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने शहरांत भाडेकरूला संरक्षण मिळाले. १९४८ च्या कूळ कायद्यात पुढे दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणारा कूळ जमिनीचा मालक झाला. 'कसेल त्याची जमीन' हे तत्त्व न्याय्यच होते. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या शेतात पाठ वाकवली त्यांना त्याने माणूस म्हणून उभे केले. परंतु मुंबईला नोकरी करणाऱ्या आणि गावी चार गुंठे ठेवणाऱ्या कोकणी माणसाच्या मनात मात्र त्यातून एकच धडा राहिला : दुसऱ्याला आत घेतले की तो बाहेर जात नाही. त्यापेक्षा कुलूप बरे. आज अकरा महिन्यांचा लेखी करार होतो, नोंदणी होते, मुदत संपली की जागा सोडावी लागते. कायदा पुढे गेला, भीती मात्र १९५७ सालीच थांबून राहिली.

भाडेकरू सगळेच गुरुजींसारखे असतात, असा माझा दावा नाही. गुरुजींच्या आधी आमच्याकडे जे राहत होते त्यांनी जाताना विजेचे बिल थकवले आणि मागच्या दाराची कडीसुद्धा उखडून नेली. तेव्हा माणूस पारखून घ्यावा, करार लेखी करावा, हे काकांचे म्हणणे मला मान्य आहे. पण एका कडीच्या हिशेबासाठी संपूर्ण घर वाळवीला द्यायचे, यात कसला व्यवहार?

आणि हा प्रश्न एका घराचा नाही. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. सारा देश वाढत असताना आपला जिल्हा दहा वर्षांत एकोणीस हजारांहून अधिक माणसांनी घटला. एकीकडे माणसे गेली म्हणून घरे ओस. दुसरीकडे गावात बदलून आलेला शिक्षक, आरोग्य केंद्रातली परिचारिका, बँकेतला कारकून हे भाड्याची खोली शोधत फिरतात आणि न मिळाली तर तालुक्याच्या गावाहून रोज येजा करतात. जो मास्तर गावात राहतो तो शाळा सुटल्यावरही गावचा असतो. जो शेवटच्या एस. टी. ने परततो त्याचे लक्ष घड्याळाकडे असते. त्याला दोष तरी कसा द्यावा? कुलूप लावलेले घर केवळ मालकाचे नुकसान करीत नाही, ते गावातला एक माणूस कमी करते.

इथे मला आचऱ्याच्या गावपळणीची आठवण होते. ही प्रथा अनेकांनी ऐकली असेल. दर तीन-चार वर्षांनी रामेश्वराचा कौल घेऊन सारा गाव घरेदारे सोडून वेशीबाहेर जातो. माणसे, गुरे, कुत्री, कोंबड्या, सगळे. जातीधर्माचा भेद त्यात नसतो. तीन दिवस, तीन रात्री लोक रानात, माळावर, खाडीकाठी राहुट्या उभारून राहतात. मग पुन्हा कौल होतो आणि देवाने होकार दिला की गाव परततो. मागच्या गावपळणीला गुरुजींचे कुटुंबही शाळेची मुले आणि शेजारपाजार यांच्याबरोबर वेशीबाहेर राहिले. तिन्ही रात्रींचे फोटो त्यांनी आम्हांला मोबाईलवर पाठवले. झोपडीपुढे चूल, चुलीपुढे काकू, मागे आबांची गाय. आम्ही ते डोंबिवलीच्या घरात बसून पाहिले आणि "किती छान!" म्हटले.

या प्रथेचा अर्थ कोणी श्रद्धेने लावतो, कोणी गावाला विश्रांती म्हणून लावतो. मला त्यातली एकच गोष्ट फार मोलाची वाटते : गाव जाताना परतण्याचा दिवस डोळ्यांपुढे ठेवून जातो. तीन रात्रींनंतर पुन्हा दिवा लागणार आहे, हे त्या बंद दारांना जणू ठाऊक असते. आम्ही मुंबईकरांनी जी गावपळण केली तिला साठ वर्षे होत आली. तिच्यात परतीचा कौल कोणी लावलाच नाही. २०२५ च्या गणपतीच्या सुमारास 'चाकरमानी' या शब्दाऐवजी 'कोकणवासीय' म्हणावे अशी चर्चा झाली. शब्द सन्मानाचा आहे. पण वर्षातून चार रात्री राहणारी मी कोकणवासीय, आणि बारा महिने राहणारे सांगोल्याचे गुरुजी कोण?

तिसऱ्या रात्री जेवणे झाल्यावर बाबा, काका आणि गुरुजी पडवीत बसले. जागेचा विषय कसा काढावा हे कोणालाच सुचेना. शेवटी गुरुजींनीच तो काढला. ते म्हणाले, "भाऊ, मला अंदाज आहे. दोन महिन्यांची मुदत द्या, मी दुसरीकडं बघतो. फक्त पोरीची शाळा सुरू व्हायच्या आत सांगा." मग थोडा वेळ थांबून म्हणाले, "आमचं पण घर हाय की गावाकडं. माळवदाचं. आई गेल्यापासनं बंदच हाय. दिवाळीत जातो, माती टाकतो, येतो. भाड्यानं कोण घेईना तिकडं. तुमचं घर झाडताना कधीकधी त्याची आठवण होती."

सहा-सात वर्षांत हे आम्ही त्यांना कधी विचारले नव्हते. त्यांचेही कुठेतरी घर असेल, तेही गळत असेल, त्यांनाही तिथे जायला वर्षातून चारच दिवस मिळत असतील, हे आमच्या मनातही आले नव्हते. आम्ही मालक, ते भाडेकरू, एवढीच आमची ओळख.

काका उठून विहिरीकडे गेले. परत आले तेव्हा त्यांनी हिशेबाच्या कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली. कागद फाडला नाही. काका तसे नाटकी नाहीत, आणि त्यांचे मत अजूनही पूर्ण बदललेले नाही. पण ठरले ते असे : आणखी अकरा महिने, लेखी करार. भाडे तीनशेने वाढवायचे. पाच हजारांपर्यंतची दुरुस्ती गुरुजींनी न विचारता करावी आणि भाड्यातून वळती करावी. आणि आमची ती कुलपाची खोली उघडायची. तिची किल्ली काकूंकडे राहील. मुलांनी तिथे अभ्यास करावा. आम्ही येऊ तेव्हा आम्हीही तिथेच झोपू. आजीला फोनवर हे सांगितले तर ती म्हणाली, "बरा झाला. माझ्या पेटयेक जरा वारो लागांदे."

यात कोणी फार मोठा त्याग केला असे मला म्हणायचे नाही. तीनशे रुपये वाढवलेच आहेत. गुरुजींची उद्या बदली होईल, तेव्हा पुन्हा हाच प्रश्न उभा राहील. आणि आणखी वीस वर्षांनी या कागदावर बाबांच्या आणि काकांच्या जागी माझे आणि माझ्या चुलत भावाचे नाव असेल. तेव्हा मी काय करीन, हे आज छातीठोकपणे सांगण्याचे धैर्य माझ्यात नाही. म्हणूनच, मन बदलण्यापूर्वी, हे छापून ठेवावे असे वाटते.

मित्रहो, आपल्यातल्या ज्यांचे गावी घर आहे त्यांना माझे एवढेच सांगणे आहे. ते घर 'कधीतरी' परत जाऊ म्हणून कुलपात ठेवू नका. त्या 'कधीतरी'ची तारीख कोणाच्याच पंचांगात नसते. गावात राहू इच्छिणाऱ्या एखाद्याला ते वाजवी भाड्याने द्या. वर्षातून चार दिवस जा. हाताला फोड येईपर्यंत कौले घासा, मग किनाऱ्यावर जाऊन बसा. भाडे घेत असाल तर दुरुस्ती आपले देणे समजा. आणि जो राहतो त्याला एकदा तरी विचारा की तुमचे घर कुठे आहे.

निघण्याच्या सकाळी एस. टी. ची वाट बघत आम्ही तिठ्यावर उभे होतो. गुरुजींची धाकटी पोचवायला आली होती. गाडी आली तेव्हा ती मोठ्या माणसासारखी म्हणाली, "गणपतीक येवा. आमी घर सारवून ठेवतलो."

कॉलेजात पुन्हा कोणी गाव विचारले तर मी आचराच सांगणार आहे. घराविषयी विचारले तर सांगेन, तिथे एक घर आहे. गुरुजींचे कुटुंब ते राखते आणि आम्ही त्यांना हातभार लावतो. 'कसेल त्याची जमीन' हे आपण कायद्याने मान्य केले. 'राखील त्याचे घर' असा कायदा होणार नाही, व्हावा असेही मी म्हणत नाही. पण वर्षातून चार दिवस तरी ते राखल्यावाचून 'आमचे' म्हणायचे नाही, एवढा नियम मी स्वतःपुरता केला आहे.